मान सोडून बाकीचा नंदी

लाकडी नंदीचा धंदा वर्षातून तीनेक आठवड्यांचा. नागपंचमी झाली की गिऱ्हाईक चौकशी करू लागतं, पोळ्याच्या बाजाराला गर्दी फुटते, आणि तान्हा पोळा आटोपला की उरलेला माल माळ्यावर चढतो तो पुढच्या श्रावणापर्यंत. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते: मोठ्या पोळ्याला खरे बैल सजतात आणि दुसऱ्या दिवशी पोरंसोरं चाकं लावलेले लाकडी नंदी ओढत घरोघर जातात, बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. नागपूरकर भोसल्यांनी ही चाल पाडली असं सांगतात. आमच्या वर्धा जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा पाहायला लांबलांबून माणसं येतात.

या तीन आठवड्यांत कोणी तुमचा माल पाहून तसाच्या तसा काढला, तर भांडायलासुद्धा वेळ नसतो. आमच्याकडे हे होऊन गेलं होतं. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पोरांसाठी एक घोडागाडी काढली होती. घोड्याची आयाळ मागे वळून तिचीच गाडीची दांडी होत होती. पुढच्या मोसमात शहरातल्या एका दुकानदाराने तीच गाडी एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, फळीवर मशीनने कापून घेतली आणि निम्म्या भावात लावली. मामाजी त्या दुकानात गेले, गाडी हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि परत आले. "चाकं बरी बसवली हायेत त्यानं," एवढंच बोलले.

मला मात्र ते लागलं. समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या गावात मी ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं काम करते. पीक विमा, दाखले, सातबारा. दिवसभर लोकांचे कागद लावते आणि घरच्या मालाला एक कागद नाही, हे डोक्यात बसलं.

जिल्हा उद्योग केंद्राच्या एका कार्यक्रमाला मी बचत गटाच्या बायकांबरोबर गेले होते. तिथे नागपूरच्या राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्थेतून एक सर आले होते. या विषयाचं शिक्षण देणारी देशपातळीवरची सरकारी संस्था नागपुरात, सिव्हिल लाइन्समध्ये आहे आणि आमच्या जाम चौरस्त्यावरून बसने तासा-दीड तासात तिथे पोचता येतं, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. आमच्याकडे कोणाच्या हातून काही नवं घडलं की सगळे एकच विचारतात, "पेटंट काढलं का?" सर म्हणाले, पेटंट वस्तू कशी चालते त्याचं. नावाचं, छापाचं ट्रेडमार्क. आणि वस्तू डोळ्यांना कशी दिसते, तिचा आकार, ठेवण, नक्षी, रेघा, रंगांची मांडणी, हे डिझाइनच्या खात्यात. त्यासाठी डिझाइन कायदा, 2000 आहे आणि तो 11 मे 2001 पासून लागू आहे.

मी उभी राहून विचारलं, आमच्याकडे कारखाना नाही, रंधा आणि पटाशी आहे, चालेल का? त्यांनी कायद्यातली ओळच सांगितली. वस्तू औद्योगिक पद्धतीने घडवलेली हवी, पण ती पद्धत हाताची, यंत्राची किंवा रसायनाची, कोणतीही चालते. म्हणजे घरच्या ओट्यावर बनलेला नंदीही बसतो.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती माझ्या वहीत मी दोन रेघा मारून लिहिली. मूर्ती, चित्र अशा कलाकृतीला कॉपीराइट आपोआप मिळतो, म्हणून पुष्कळ कारागीर निर्धास्त असतात. पण डिझाइन म्हणून नोंदवता येण्यासारखी वस्तू नोंदवली नाही आणि तिच्या 50 पेक्षा जास्त प्रती काढल्या, की त्या आकारावरचा कॉपीराइट संपतो. आमची घोडागाडी एकाच मोसमात त्यापुढे गेली होती.

मामाजींचा नवा नंदी तेव्हा अर्धा घडला होता. बाजारातला नंदी तुम्ही पाहिला असेल. गोल पोट, आखूड मान, अंगापेक्षा मोठी शिंगं, वर चकचकीत रंग. मामाजींनी लहानपणी आर्वीकडच्या नातलगांकडे गवळाऊ बैल पाहिले होते. आर्वी, आष्टी, कारंजा या पट्ट्यातलं ते आमच्या जिल्ह्याचं जनावर. पांढरं, उंच, सडपातळ, तोंड लांबट, कपाळ मागे झुकलेलं, शिंगं आखूड. त्यांना तो बैल लाकडात आणायचा होता. वशिंडापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठीची एकच रेघ, कुठे खाच नाही. चार सुटे पाय नाहीत. पुढचे दोन पाय एका फळीत, मागचे दोन एका फळीत, आणि फळीचं खालचं टोक खुरांसारखं न कापता सरळ चाकांच्या आसाशी मिळवलेलं. गळ्याखालची पोळी पातळ, कानसीने इतकी घासलेली की उन्हात धरली तर कडेला लालसर दिसते. अंग शिवणीचं, कारण शिवण हलकी आणि पोराला ओढायला सोपी. चाकं सागाची.

आणि मान. मान वेगळी कोरून खुंटीवर टांगली होती. पुढच्या आसावर लाकडाचा एक तिरका गुटका, म्हणजे ठोकळा, बसवलेला. चाक फिरलं की तो मानेचं आतलं टोक उचलायचा, सोडायचा. नंदी मान हलवत चालायचा. या मानेवर मामाजींचा एक अख्खा हिवाळा गेला. गुटका जरा जाड झाला की मान झटके देई, पातळ झाला की हलेचना. घरातल्या चुलीत त्या हिवाळ्यात नंदीच्या माना जळाल्या आहेत.

मी कार्यक्रमाहून आले आणि पहिलं काम मोबाइल बंदीचं केलं. डिझाइन नवं पाहिजे, आणि नवं म्हणजे अर्ज देण्याआधी भारतात किंवा जगात कुठेही ते छापून, दाखवून, वापरून उघड झालेलं नको. माझा पुतण्या रोज सकाळी स्टेटस टाकणारा. तो ओट्यावर येऊन नंदीसमोर मोबाइल धरून उभाच होता. त्याच्या हातातून मोबाइल घेतला तर म्हणतो, "काकू, चाळीसच लोकं पाह्यतात माह्यं स्टेटस." चाळीस म्हणजेही उघडच. हिंगणघाटच्या रंगाऱ्याला दाखवणं भाग होतं, त्याला आधी बजावलं की हे कोणाला सांगायचं नाही. विश्वासाने दाखवलेली गोष्ट समोरच्याने विश्वास मोडून फोडली तर कायदा ती उघड झालेली धरत नाही, पण तेव्हा ते सिद्ध करत बसावं लागतं. मेसेजवर त्याच्याकडून "हो ताई, कोणाला नाही सांगत" असं लिहून घेतलं. प्रदर्शनात मांडल्यावर सहा महिन्यांच्या आत अर्ज करायची एक सवलत कायद्यात आहे. पण ती सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना, आणि तीही आधी कळवून ठेवलं तर. पोळ्याच्या बाजाराला ती लागू नाही.

पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर आधी नोंदलेली डिझाइनं पाहता येतात. खेळणी 21-01 या वर्गात येतात. ही लोकार्नो नावाची आंतरराष्ट्रीय वर्गवारी आहे आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे तीच चालते. रात्री जेवणं झाली की मी पाहत बसायची. प्लास्टिकच्या मोटारी, बंदुका, बाहुल्या, रोबोट. बैल क्वचित. त्यातला एकही गवळाऊ नव्हता. मामाजी शेजारी बसून चष्म्यातून पाहत आणि प्रत्येक खेळण्याला "याचं साचं सोपं हाय" किंवा "हे पडलं का फुटन" असा शेरा मारत. अर्ज तपासणाऱ्या परीक्षकाने त्यांना नोकरीला ठेवायला हरकत नव्हती.

अर्ज कोणाच्या नावाने, यावरून घरात दोन दिवस घोळ चालला. मामाजी म्हणत नातवाच्या नावाने कर, त्याच्या कामी येईल. पण डिझाइनचा मालक तो, ज्याने ते घडवलं. दुसऱ्याच्या नावावर करायचं तर हक्क लेखी त्याला द्यावा लागतो. माझे मिस्टर चाकं आणि आस बनवतात, पण आकार मामाजींचा, त्यांचं त्यांनीच सांगितलं, "बैल बाबांचा हाय." मग एकट्या मामाजींच्या नावाने. आधारवर त्यांच्या नावात एक अक्षर जास्त आहे, बँकेत कमी. अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत करावा लागतो, म्हणून तिथे स्पेलिंगचा प्रश्न आला. मी आधारचं धरलं आणि पुढे सगळीकडे तेच लावलं. लोकांचे कागद लावणाऱ्या बाईला एवढं तरी कळतंच.

व्यक्तीच्या नावाने अर्जाची फी 1,000 रुपये. कंपनी मोठी असेल तर 4,000. उद्यम नोंदणी असलेल्या लहान उद्योगाला आणि स्टार्टअपलाही 1,000 च लागतात, फक्त तसा वेगळा फॉर्म जोडावा लागतो. ऑनलाइन भरायला डिजिटल स्वाक्षरी लागली, तिचा खर्च वेगळा. एजंटमार्फतही करता येतं. आम्ही नाही केला. पैशांपेक्षा कारण असं की एजंटला नंदी समजावून सांगणं मामाजींना जमलं नसतं, आणि मला ऐकवलं नसतं.

खरं काम फोटोंचं. वस्तू समोरून, मागून, डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून आणि एक तिरका, अशी सगळ्या बाजूंची चित्रं द्यावी लागतात. रेखाचित्र चालतं, फोटोही चालतो. त्यावर मापं लिहायची नाहीत, मागे काही दिसायला नको, सावली नको. आधी मी पांढरी चादर लावली, तिच्या घड्या नंदीपेक्षा ठळक आल्या. मग शाळेसमोरच्या दुकानातून ड्रॉइंग शीट आणून दोन चिकटवल्या, खालून भिंतीवर वळवून नेल्या, म्हणजे कोपऱ्याची रेघ येत नाही. आषाढातला ढगाळ दिवस धरला, तेव्हा सावली पडत नाही. जवळून काढला की नंदीचं तोंड मोठं आणि मागचं अंग बारीक येई, म्हणून अंगणाच्या टोकाला जाऊन झूम करून काढले. खालून काढायला नंदी आडवा करून टेकवला, तर सासूबाईंना ते बघवेना. नंदी देवाचा, त्याला उताणा काय करता. मग त्यांनी आधी त्याला हळदीकुंकू लावलं, आणि ते पुसून काढताना शिवणीवर पिवळा डाग राहिला. पॉलिश पेपरने घासून घालवला.

रंगवलेला दाखवायचा की कोरा, हाही विचार होता. झूल, गोंडे, पाठीवरची नक्षी रंगवून दाखवली असती तर सगळं मिळून ते डिझाइन झालं असतं, आणि कोणी वेगळी झूल रंगवून तेवढ्यावर आपण वेगळे आहोत असं म्हटलं असतं. आमची गोष्ट आकाराची होती. म्हणून कोरा, विनारंगाचा, दोरीही न बांधलेला नंदी दिला.

मग आलं ते निवेदन. प्रत्येक चित्राखाली लिहावं लागतं की नावीन्य कशात आहे. आम्ही लिहिलं, चित्रात दाखवलेल्या खेळण्याच्या आकारात आणि ठेवणीत. आणि त्याखाली दुसरं एक वाक्य टाकावं लागलं: या नोंदणीने यंत्रणेच्या कोणत्याही क्रियेवर किंवा बांधणीच्या पद्धतीवर आमचा हक्क राहणार नाही.

हे मी मामाजींना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी हातातली पटाशी खाली ठेवली.

"म्हंजे मान हालते ते आपलं नाही?"

"हालणं नाही मामाजी. दिसणं आपलं."

"आन् कोणी दुसरा बैल करून त्याची मान हालवली त?"

"त्याचा बैल वेगळा दिसला तर काही करता येणार नाही."

"जेथं माह्यं डोकं लागलं तेच सोडून देतो म्हनून लिहून देयाचं, आन् वरून हजार रुपये!"

त्यांचं चूक नव्हतं. डिझाइनच्या व्याख्येतच लिहिलं आहे की ते निव्वळ डोळ्यांनी जोखायचं, आणि जे मुळात फक्त यांत्रिक साधन आहे ते त्यात येत नाही. मी नागपूरच्या सरांना फोन लावला, मामाजींनाच बोलायला दिलं. सरांनी विचारलं, मान हलणारं खेळणं तुम्ही आधी कुठे पाहिलं होतं का? मामाजी म्हणाले, जत्रेत, पुठ्ठ्याचं, लहान होतो तेव्हा. मग त्या कल्पनेला पेटंट मिळणं कठीण, सर म्हणाले. तुमचा गुटका बसवायची रीत वेगळी असेल, पण पेटंटचा खर्च आणि वर्षं एका खेळण्याला परवडणार नाहीत. फोन ठेवून मामाजी बराच वेळ गप्प होते. रात्री जेवताना म्हणाले, "मान त सगळ्याच बैलाची हालते. टाक लिहून."

अर्ज 2022 च्या पोळ्याआधी गेला. क्रमांक आला तो मी दोनदा कागदावर उतरवून देवघरात आणि कपाटात ठेवला. हक्क मोजला जातो तो अर्जाच्या तारखेपासून, त्यामुळे त्यानंतर माल बाजारात न्यायला हरकत नव्हती. मात्र प्रमाणपत्र हातात येईपर्यंत वस्तूवर 'रजिस्टर्ड' लिहायचं नाही आणि नक्कल झाली तरी दावा लावता येत नाही, हे माहीत होतं. एक मोसम आम्ही तसाच काढला. खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाल्यापासून दुकानदार आधी तेच विचारतात. हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिराने बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. मामाजींकडे ते कार्ड होतं म्हणून तो प्रश्न मिटला.

डिझाइनचे अर्ज तपासले जातात ते कोलकात्याच्या पेटंट कार्यालयात, अर्ज देशात कुठूनही करा. मामाजींना ते पटायला वेळ लागला. "आपला बैल पाह्याले कलकत्त्याचा मानूस?" त्या माणसाने मात्र बैल नीट पाहिला होता. दिवाळीनंतर परीक्षण अहवाल आला. आक्षेप असा की चित्रं एकमेकांशी जुळत नाहीत. समोरच्या फोटोत डोकं खाली आहे, डावीकडच्यात वर, वरून काढलेल्यात मधेच कुठेतरी.

मान हलत होती! प्रत्येक फोटोसाठी नंदी फिरवला की चाक जरासं सरकायचं आणि मान आपली जागा बदलायची. मला, मिस्टरांना, पुतण्याला, कोणालाही ते दिसलं नव्हतं, कारण आम्हाला हलणारी मानच बघायची सवय. जे डिझाइनमध्ये येत नाही असं आम्ही लिहून दिलं होतं, त्यानेच अर्ज अडवला. आक्षेपांचं निराकरण अर्जाच्या तारखेपासून सहा महिन्यांत करावं लागतं, फी भरून तीन महिन्यांपर्यंत वाढ मिळते. आम्हाला वाढ लागली नाही. मामाजींनी गुटक्याशेजारी बाहेरून दिसणार नाही अशी आगपेटीच्या काडीएवढी खपची ठोकली, मान एका जागी कायम केली, चाकांखाली मेणाचे ठिपके दिले, आणि सगळे फोटो पुन्हा काढले. आकार तोच ठेवून चित्रं सुधारता येतात. नवं काही घालता येत नाही. उत्तरासोबत ते पाठवले. सुनावणीची वेळ आली नाही.

होळीच्या सुमाराला प्रमाणपत्र आलं. नोंदणी झाल्यावर डिझाइन पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापून येतं, ते दर शुक्रवारी निघतं. मी त्या शुक्रवारचं पान छापून आणलं. मामाजींनी फोटो पाहून पहिला प्रश्न केला, "रंग कायले नाही दिला?" प्रमाणपत्रावरची मुदत अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षं, म्हणजे 2032 पर्यंत. त्याआधी 2,000 रुपये भरून आणखी पाच वर्षं वाढवता येते. पंधरानंतर आकार सगळ्यांचा.

विकण्याआधी वस्तूवर नोंदणीची खूण आणि क्रमांक टाकावा लागतो. न टाकता नक्कल झाली, तर खूण टाकायची नीट व्यवस्था केली होती किंवा समोरच्याला नोंदणीची माहिती होती, हे दाखवावं लागतं, नाहीतर नुकसानभरपाई मिळत नाही. लेबल पोरं पहिल्या दिवशी काढून टाकतात. म्हणून मिस्टरांनी गावच्या लोहाराकडून अक्षरांचा ठसा करून घेतला. तो तापवून नंदीच्या पोटाखाली, दोन आसांच्या मध्ये दाबायचा. शिवणीवर फार दाबला तर अक्षरं भरून येतात, हलका दाबला तर पुसट. पहिले काही नंदी मिस्टरांनी स्वतः डागले, मग ते काम सासूबाईंनी घेतलं. उताण्या नंदीला आता त्यांची हरकत नसते.

नक्कल आली 2024 च्या मोसमात. वेगळ्याच तालुक्याच्या बाजारात, वेगळा व्यापारी. तिथे नंदी नेणाऱ्या आमच्याच एका गिऱ्हाइकाने फोटो पाठवला. तीच पाठ, तेच एका फळीतले पाय, तेच लांबट तोंड, एमडीएफचं अंग आणि वर पांढरा स्प्रे. मान हलत नव्हती. ती पक्की चिकटवलेली होती. मामाजींना राग आला तो याचाच. "मान बी नाही हालवता आली त्याले."

हिंगणघाटच्या वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी कायदा उघडून समोर ठेवला. परवानगीशिवाय नोंदलेलं डिझाइन किंवा त्याची ढोबळ नक्कल वस्तूवर लावणं, विकणं, विकायला मांडणं, तिन्ही त्यात येतं. त्यावर दोन वाटा. एकीत नक्कल करणाऱ्याकडून ठराविक रक्कम मागता येते, प्रत्येक वेळच्या उल्लंघनाला 25,000 रुपयांपर्यंत, पण एका डिझाइनमागे एकूण 50,000 च्या वर नाही. दुसरीत नुकसानभरपाईचा दावा आणि विक्री थांबवण्याचा मनाई हुकूम. दोन्हींतली एक निवडायची. दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली चालत नाही, म्हणजे आम्हाला वर्धा. आणि समोरच्याने "मुळात हे डिझाइन नवंच नव्हतं, नोंदणी रद्द करा" असा बचाव घेतला तर प्रकरण उच्च न्यायालयात जातं, म्हणजे नागपूर खंडपीठ. वकीलबाई म्हणाल्या, पोळ्याला पंधरा दिवस आहेत, आधी नोटीस देऊ.

नोटिशीला प्रमाणपत्राची प्रत, जर्नलचं पान आणि दोन्ही नंदींचे शेजारी शेजारी ठेवून काढलेले फोटो लावले. व्यापाऱ्याचा फोन मला आला. आधी, मी फक्त विकतो, बनवणारा दुसरा. मग, बैल काय तुमच्या घरचा आहे का, बैल सगळ्यांचा. मी म्हटलं, बैल सगळ्यांचा, हा आमचा, आणि ते कुठे लिहिलं आहे ते तुमच्या हातात आहे. दोन दिवसांनी मिस्टर बाजारात गेले तेव्हा तो माल मांडावर नव्हता. पैसे आम्ही मागितले नाहीत. वकीलबाईंची इच्छा होती मागावे अशी, मामाजींची नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्या पंधरा दिवसांत घरात कोणाला कोर्टाचा विचार करायला फुरसत नव्हती. मोसमाच्या आत तो माल उठला, आम्हाला तेवढंच हवं होतं. सहा महिन्यांनी लागलेल्या निकालाने माळ्यावरचे नंदी विकले जात नाहीत.

2025 मध्ये त्याच व्यापाऱ्याकडे पुन्हा पांढरा नंदी होता. शिंगं मोठी केलेली, पोट गोल, पाय चार सुटे. आणि मान हलत होती. मिस्टरांनी एक विकत आणला. मामाजींनी खिळा काढून आतला गुटका पाहिला. आमचाच होता, तिरपा, त्याच जागी. वकीलबाईंनी दोन्ही नंदी टेबलावर ठेवून लांबून पाहिले आणि मान हलवली, नाही म्हणून. दिसायला वेगळा आहे, यात काही नाही. मामाजींनी तो नंदी पुन्हा जोडला, चाक फिरवून पाहिलं आणि म्हणाले, गुटका लवकर झिजणार, चिंचेचा पाहिजे होता.

आता आमच्याकडे लोक विचारायला येतात. बरेचसे हात हलवत परत जातात, कारण त्यांची वस्तू आधीच वर्षभर बाजारात असते, किंवा मोबाइलमध्ये तिचे फोटो आणि त्याखाली अंगठे. एक जण मसाल्याच्या पुडीचं नाव घेऊन आला, त्याला ट्रेडमार्ककडे पाठवलं. एका शेतकऱ्याने स्वतः निवडलेल्या तुरीच्या वाणाचं विचारलं. त्याला वेगळा कायदा आहे, 2001 चा, पीक वाणांचा आणि शेतकरी हक्कांचा. आर्वीकडच्या एका सुताराला बापजाद्यांपासून चालत आलेला गोल पोटाचा नंदी नोंदवायचा होता. तो कोणा एकाचा होऊ शकत नाही, कारण तो नवा नाही. सगळ्या गावाचं, भागाचं मिळून काही जपायचं तर भौगोलिक मानांकन असतं. आमच्याच तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला ते मिळालेलं आहे, पण ती एका माणसाने एका फॉर्मवर करायची गोष्ट नाही. त्याला चहा पाजला, मामाजींनी त्याचा नंदी पाहिला, आणि दोघं संध्याकाळपर्यंत शिवण कुठे बरी मिळते यावर बोलत बसले.

यंदा मामाजींनी नंदीमागे जोडायची रेंगी, म्हणजे छोटी बैलगाडी, काढली आहे. ती वेगळी वस्तू, तिचा अर्ज वेगळा, फी वेगळी. निवेदनातलं ते दुसरं वाक्य या वेळी त्यांनीच मला सांगितलं, न वाचता. रेंगीचं धुरं वर-खाली होतं, म्हणून फोटोआधी तिथे खपची ठोकून घेतली. परवा अर्जाचा क्रमांक आला. पुतण्याला कळवलं आहे, आता टाक स्टेटस.